तुझ्याशी मी इंग्रजीत बोललो

त्या दिवशी आपण दोघं ओट्यावर उन्हात बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. तुझ्या पायांवर वाकळ, पुढ्यात सूप, आपल्या मधात दाणे टाकायला जर्मनचा गंज, पातेलं. तू एकेक शेंग उघडून आधी आत पाहायची, मग दाणे काढायची. मी चरचर सोलायचो आणि न पाहता गंजात टाकायचो.

"अवो, पाहून टाका. अळी असते."

"नाही अळी. हंड्रेड परसेंट साफ हाये."

तू गंजात बोट फिरवलं, एक हिरवी अळी उचलली आणि माझ्या तळहातावर आणून ठेवली. जिवंत होती. वळवळत होती.

"मिस्त्री," तू म्हणाली, "तुमच्या हंड्रेड परसेंटमदी एखांदी अळी असतेच."

मी हसलो. तूही हसली आणि मग पोट धरलं. मी म्हटलं, जाय, आत पड. तू म्हणाली, उनात बरं वाटते, थोडं बसू द्या. मग सविताला हाक मारून सांगितलं, उद्या वांगे टाकून सोल्याची भाजी कर, बाबाले आवडते. सविता, आपली पोरगी, चार दिवस आधी पुसदहून तुझ्यापाशी राहायला आली होती. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तू गेली. ते सोले, ते हिरवे दाणे, अजून फ्रिजच्या वरच्या खणात बर्फासारखे पडून आहेत. मी ते कोणाला फेकू देत नाही आणि शिजवूही देत नाही.

मला लिहिता येत नाही असं नाही. चौथी शिकलो. पण दुकानाच्या पाटीपलीकडे काही लिहायची वेळ आली नाही. लिहायला बसलो की शाळेतल्यासारखं 'तुला-मला' येतं हातातून, बोलताना कधी म्हटलं नाही. तू हसत असशील. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहावे. तू कुठची, कोणाची, किती वर्षं संसार केला, हे ज्याला माहीत असायला पाहिजे त्याला माहीत आहे. आणि तू चांगली होती हे मी सांगायची गरज नाही, आर्णीतल्या कोणालाही विचारा. मला जे लिहायचं आहे ते माझ्याबद्दल आहे आणि ते चांगलं नाही. मला लाज वाटते. आरशात दाढी करताना वाटते, जेवायला बसलो की वाटते. म्हणून लिहितो.

दुकान टाकलं तेव्हाचं तुला आठवत असेल. मोटर भरण्यात मी कच्चा नव्हतो. यवतमाळला उस्तादाच्या हाताखाली हात जाळून शिकलो होतो. जळालेली तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, सगळं नीट यायचं. पण वावरातला माणूस मोटर घेऊन यायचा आणि विचारायचा, "मिस्त्री, चालन का?" आणि मी म्हणायचो, "पाहू." मी खोटं बोलत नव्हतो. मोटर पाण्यात सोडल्याशिवाय कोणाला काय समजते? पण तो माणूस मोटर उचलून दुसऱ्या दुकानात जायचा.

मग तो पंपाच्या कंपनीचा माणूस आला. पायात बूट, खिशाला दोन पेन. आपल्या ओट्यावर चहा पिता पिता मला म्हणे, "मिस्त्री, तुमचा हात चांगला आहे, तोंड खराब आहे. 'पाहू' म्हटलं की समोरच्याच्या पोटात गोळा येतो. त्याला मोटर नाही पाहिजे, त्याला भरोसा पाहिजे." आणि जाता जाता मला शब्द देऊन गेला. हंड्रेड परसेंट. गॅरंटी. नो डाउट. शुअर शॉट. नो टेन्शन. मी विचारलं, याचा अर्थ काय? तर म्हणे, सगळ्यांचा अर्थ एकच, तू घरी जाऊन आरामात झोप.

मला ते शब्द म्हणायची लाज वाटायची. तोंडात खडे ठेवल्यासारखं व्हायचं. तालीम तू घेतली. जेवण झालं की पदर डोक्याला दुपट्ट्यासारखा गुंडाळायची, आवाज जाड करायची आणि दारातून आत यायची.

"राम राम मिस्त्री. मोटर जळली माही. ओलीत थांबलं. चालन का आता?"

"हंड्रेड परसेंट."

"हसू नका. हसले त गिऱ्हाईकाले समजते. पुन्हा. चालन का?"

"नो डाउट."

"डोळे खाली कायले घालता? चोरी केली काय? माह्याकडं पाहून म्हणा."

"नो डाउट."

"आता कसं! आता मीच मोटर टाकते तुमच्याकडं."

सविता पाळण्यात होती. आपण दोघं असे हसलो होतो की ती उठून रडायला लागली. आपल्या घरात इंग्रजी आली ती अशी.

दुकान चाललं. मी इतका सरावलो की माझ्याइतकं ठासून बोलणारा मिस्त्री आर्णीत नव्हता. पण एक गोष्ट तुला माझ्याआधी समजली. जी मोटर मी नीट भरली, जिची मला खात्री होती, ती देताना मी काही बोलतच नव्हतो. "ने, चालते." एवढंच. आणि जिच्याबद्दल मनात खुटखुट होती, तिच्यावर सगळी इंग्रजी ओतायचो. तू आत चहा करता करता पडद्याआडून ऐकायची. इंग्रजी ऐकली की त्या गिऱ्हाईकाचा कप धुवून मांडणीवर ठेवायची नाही, मोरीपाशीच ठेवायची. मी विचारलं, हा कप इथं काहून? तर म्हणाली, "राहू द्या तिथंच. येतेच तो आठ दिवसात." आणि तो यायचा. मोटर खांद्यावर घेऊन, शिव्या देत यायचा.

सविताच्या लग्नात मी मांडववाल्याला, व्याह्याला, आचाऱ्याला सगळ्यांना सांगत फिरत होतो, पाऊस येत नाही, शुअर शॉट. दुपारी असा आला की पंगत उठली. तू मात्र सकाळीच कढया आणि पीठ घरात घेऊन ठेवलं होतं. व्याही म्हणाले, विहीणबाई, तुम्हाला कसं समजलं? तू म्हणाली, "आमच्या घरी वेधशाळा हाये." मी पण हसलो सगळ्यांसोबत. मला वाटायचं, हा आपल्या दोघांचा खेळ आहे. तू त्या खेळातून मला आरपार ओळखायला शिकली, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग यंदा दसऱ्याच्या आधी तुझं पोट दुखायला लागलं. इथली औषधं झाली, मग यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. फोटो काढले, रक्त काढलं. तुला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत बोलावलं. डॉक्टर पोरगाच होता, आपल्या सवितापेक्षा लहान. मनात म्हटलं, हा आता इंग्रजीत बोलेल, मला काही समजणार नाही, सुटलो. पण तो खुर्ची सरकवून माझ्याजवळ बसला आणि आपल्या भाषेत बोलला. "बाबा, गाठ खूप पसरली आहे. आता कापून काही होणार नाही. फार दिवस नाहीत. आईंना दुखणार नाही एवढं मी पाहतो. त्यांना जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या. कुठं जायचं असेल तर लवकर नेऊन आणा. आणि त्यांना सांगा. तुम्हाला नाही जमलं तर मी सांगतो."

मी म्हटलं, मीच सांगतो.

एवढा शिकलेला माणूस साध्या मराठीत खरं बोलला. आणि मी चौथी पास, दार उघडून बाहेर आलो. तू बाकावर पिशवी पोटाशी धरून बसली होती.

"काय म्हणे डॉक्टर?"

"काही नाही. गोळ्या देल्या. ओके होते म्हणे. हंड्रेड परसेंट."

"हंड्रेड परसेंट?"

"नो डाउट."

तू माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी हसलो नाही. डोळे खाली घातले नाही. जसं तू शिकवलं होतं, अगदी तसंच बोललो.

"बरं," तू म्हणाली. "चाला मंग, गाडी निघून जाईन."

स्टँडवर तू संत्री घेतली. गाडीत खिडकीशी बसून एक सोललं, आणि मोठ्या मोठ्या फोडी मला दिल्या. माझ्या मनात काय आलं ते आज लिहितो. मला वाटलं, वाचलो. तू वाचली असं नाही वाटलं. मी वाचलो. सांगावं लागलं नाही, रडणं पाहावं लागलं नाही, आता गोळ्या द्यायच्या आणि दिवस काढायचे. संत्रं गोड होतं. मी ते चवीनं खाल्लं.

घरी आल्यावर तू माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली. तुझं माहेर मुकुटबन. तुझी लहान बहीण कमल, तिला गावातच दिलेली, तुझ्या बापाचं वावर आता तीच पाहते. कापसाची पहिली वेचणी सुरू व्हायच्या आधी बाया वावरात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या बुडाशी दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात शिंपडायचा आणि मग पहिली बोंडं वेचायची. लहानपणी तुम्ही दोघी त्या वावरात दहीभातासाठी भांडायच्या, हे तू मला शंभर वेळा सांगितलं होतं.

"या साली कमलच्या वावरात सीतादहीले जाऊ म्हणते," तू म्हणाली.

"आता कायले जिवाचे हाल करतं? घाटंजीले गाडी बदला, पांढरकवड्याले बदला. पह्यले बरी हो. दुसऱ्या वेचणीले नेतो तुले."

"नेसान?"

"शुअर शॉट."

तू पुन्हा म्हटलं नाही. डॉक्टरनं मला सांगून ठेवलं होतं, जायचं असेल तिथं लवकर न्या. माझ्या कानात ते वाजत होतं. पण नेलं असतं तर तुला समजलं असतं की मी काहून नेऊन राहिलो. धंदा टाकून बायकोला माहेरी घेऊन जाणारा माणूस मी कधी होतो? म्हणून नाही नेलं. तुझं माहेर मी माझी थाप झाकायला वापरलं.

मग एक दिवस तू मला गॅसपाशी बोलावलं. परातीत ज्वारीचं पीठ होतं.

"या इकडं. भाकर कशी थापतेत ते पाहा."

"मले कायले शिकवतं? तू बरी होतच हाये. नो टेन्शन."

"अवो, हात त भिजवा एकडाव. आणि हे पाहा, जिरं या डब्यात हाये, मोहरी त्या."

"दुकानात गिऱ्हाईक उभं हाये," मी म्हटलं आणि निघून गेलो.

गिऱ्हाईक नव्हतं. रिकाम्या दुकानात जुनी बेअरिंग फडक्यानं पुसत बसलो होतो. आतून तुझा एकटीचा भाकर थापायचा आवाज येत होता. थप थप, मग थांबायची, दम घ्यायची, मग पुन्हा. मी उठलो नाही. तुला भाकर शिकवायची नव्हती एवढीच. तुला बोलायचं होतं. तुझ्यामागं माझं काय, हे तुला माझ्याजवळ बसून बोलायचं होतं आणि तू दार थोडं उघडलं की मी इंग्रजीची कडी लावत होतो.

दिवाळीच्या पुढंमागं कमल अचानक आली. एका हातात दह्याचा डबा आणि काखेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं अख्खं पऱ्हाटीचं झाड, मुळासकट, चार बोंडं फुटलेली. आल्या आल्या हसत म्हणाली, "कंडक्टर मले म्हणे, मावशी, याचं बी तिकीट काढा लागते." तू पाणी द्यायच्या आधी झाडाला हात लावला. परसात मोरीच्या पलीकडे कमलनं खड्डा केला, झाड रोवलं, दगड मांडले. मी पकड हातात घेऊन आवाज ऐकून मागं आलो.

"हे काय नाटक मांडलं? सीतादही वावरात करतेत. मोरीपाशी करत असतेत काय?"

"भाऊजी," कमल म्हणाली, ती तुला बाईच म्हणायची, "बाईचं वावरात येणं होत नाही, त वावर बाईकडं आलं."

"येणं होत नाही कसं? पुढच्या साली दोघींले मीच घेऊन जातो. विदाउट डाउट."

तुम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आणि हसायला लागल्या. कमलनं पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. तुझ्या डोळ्यातून पाणी आलं, तू तिच्या खांद्याचा आधार घेतला.

"हसा," मी म्हटलं. "माह्या इंग्रजीले हसा. याच इंग्रजीवर घर उभं राह्यलं."

"हो न गा बापा," तू डोळे पुसत म्हणाली. "रागावता काहून? या, एक बोंड तुम्ही वेचा."

"हात ग्रीसचे हायेत माहे."

मी आत आलो. खिडकीतून पाहिलं, तू एकेक बोंड वेचून ओच्यात टाकत होती. चारच बोंडं होती. कमल भात शिंपडत होती आणि तुम्ही काहीतरी बोलत होत्या. ती पाच-सहा दिवस राहिली. मी मागं गेलो की तुमचं बोलणं थांबायचं. जाताना कमल पायरीवर बसून रडली, तर मी तिच्यावर खेकसलो. "ती बरी होऊन राह्यली आणि तू रडतं कायले? अपशकुन करून राह्यली."

बाकीचं तुला माहीत आहे. गोळ्या मोठ्या होत गेल्या, तू लहान होत गेली. मग तो ओटा, त्या शेंगा, ती अळी.

तू गेल्यावर घर माणसांनी भरलं. जो तो विचारायचा, मिस्त्री, धीर धरता ना? मी म्हणायचो, हंड्रेड परसेंट. तोंड आपोआप बोलायचं. तुझ्या राखेवर पाणी टाकून आलो तेव्हाही शेजारच्यानं हात धरला तर मी म्हटलं, नो टेन्शन. त्यानं माझ्याकडे कसं पाहिलं ते मला आजही दिसते.

तेरवी झाली. पंगती उठल्या, मांडववाला बल्ल्या सोडत होता. कमल मुकुटबनहून आली होती. ती ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

"भाऊजी, एक सांगू? राग नका मानू."

"सांग."

"बाईनं मले फोन केलता. तुम्ही यवतमाळच्या दवाखान्यातून आले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही दुकानात होते."

"काय म्हणे?"

"म्हणे, कमल, माहं आता मुकुटबनले येणं होत नाही. तूच ये. मी म्हटलं, काहून वं बाई, डॉक्टर काय म्हणे? त म्हणे, डॉक्टरचं मले मालूम नाही. पण मिस्त्री माह्यासंगं इंग्रजीत बोलले."

माझ्या हातात पान होतं. ते मी ओट्यावर ठेवलं.

"म्हणे, इतक्या वर्षात माह्यासंगं कधी नाही बोलले. गिऱ्हाईकासंगं बोलतेत. माहा कप आता मोरीपाशीच ठेवा लागते. मले कपाचं काही समजलं नाही भाऊजी, पण ती हसत होती."

"मंग?"

"मंग म्हणे, दुसऱ्या वेचणीले नेतो म्हणतेत, तेबी इंग्रजीत. त्यायले सांगू नको मले समजलं म्हून. त्यायचा जीव लहान हाये. त्यायले वाटते ते मले धीर देऊन राह्यले. देऊ दे."

कमल उठून आत गेली. मी तिथंच बसून राहिलो. बल्ल्या सोडणारा विचारत होता, मिस्त्री, दोरी कुठं ठेवू? मी ती त्याच्या हातातून घेतली आणि गुंडाळत राहिलो.

आता मी तुला-मला नाही लिहीत. थकलो. आपलं बोलतो.

तुले समजलं होतं त मले काहून नाही म्हटलं वं? एकडाव म्हणाची असती. मिस्त्री, खोटं बोलू नका. एवढंच. तू मले जेवताना बोलत होती, मीठ जास्त झालं त बोलत होती, कपडे मळवले त बोलत होती. आणि एवढ्या मोठ्या गोष्टीले तू गप बसली. मले राग आला तुहा. तेरवीच्या दिवशी, तुह्या फोटोले हार घातलेला, आणि मले तुहा राग आला. मंग माह्या ध्यानात आलं, तू म्हटलं असतं त मी काय केलं असतं? आणखी जोरात हंड्रेड परसेंट म्हटलं असतं. तुले मालूम होतं ते. आणि तू बोलली नाही असंबी नाही. भाकरीच्या परातीपाशी बोलली. बोंड वेचा म्हणाली तवा बोलली. ओट्यावर ती अळी माह्या हातावर ठेवली, तवा त आणखी किती बोलावं माणसानं? मी हसलो आणि अळी झटकून टाकली.

तुले दोन ओझे झाले. एक तुह्या मरणाचं आणि एक माह्या थापेचं. दुसरं मी देलं. जिनं मले ते शब्द म्हणायले शिकवलं, डोळे खाली घालू नका म्हणून शिकवलं, तिच्यावरच मी ते चालवले. लाज त्याची हाये. तू मेली याचं दुःख हाये, ते होतच असते, सगळ्याइले होते. पण मी तुले बायकोसारखं नाही, गिऱ्हाईकासारखं वागवलं, आणि तू गिऱ्हाईकासारखी शिव्या द्याले नाही आली. संत्र्याच्या मोठ्या फोडी मले देल्या. समजून उमजून देल्या. तवाच समजलं होतं ना तुले, त्या बाकावरच? कमल नसती त सीतादहीबी राह्यली असती, मीच राहू देली असती. तू तुही सोय करून घेतली आणि मले कळू नाही देलं, का मले वाईट वाटन म्हून. याले काय म्हणतेत मले मालूम नाही. उपकार म्हणावं त शब्द लहान पडते.

परसातलं ते झाड वाळलं. उपटलं नाही मी.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सविता पुसदले निघाली. तिची पोरं शाळेची, नवऱ्याले हातानं करून खाणं जमत नाही. पिशवी दारापाशी ठेवली, पायात चप्पल घातली, आणि माह्याकडं वळून म्हणाली, "बाबा, राह्यसान ना एकटे? मी जाऊ ना?"

जिभेवर आलं होतं. ह पर्यंत आलं होतं. तिलेबी तेच ऐकाची सवय, ती पिशवी उचलालेच वाकली होती.

"मालूम नाही, माय," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे मले भाकर येत नाही. जिरं कुठं हाये मालूम नाही. सकाळी उठलो का तुह्या आईले हाक मारतो, आणि मंग ध्यानात येते. राहीन का नाही राहीन, मले सांगता येत नाही."

ती उभीच राह्यली. इतक्या वर्षात बापाच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं तिनं. मले वाटलं रडन. रडली नाही. चप्पल काढली.

"गाडी दुपारीबी असते," म्हणाली. "उद्याबी असते."

"परात काढ," मी म्हटलं. "ज्वारीचं पीठ काढ. कशी थापतेत ते दाखव."

मी हात भिजवले. पह्यली भाकर उचलतानाच फाटली. दुसरी तव्यावर टाकली त अर्धी बाहेर. सविता तोंडाले पदर लावून हसत होती, अगदी तुह्यासारखी. मंग तिनं माह्या मनगटाले धरून परातीवर हात फिरवून दाखवला.

"जमन बाबा हळूहळू," ती म्हणाली. "जमन ना?"

मी तिच्याकडं पाह्यलं. हात पिठानं भरले होते.

"पाहू," मी म्हटलं.